एका गुणासाठी थळपर्यंत

पेण सोडलं आणि एसटीच्या खिडकीतून खारट वारा आत आला. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांत उभे बगळे, आणि मधूनच रस्त्याला लागून पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेली दुकानं. कोल्हापूरहून रात्रभर बसून पाय आखडले होते. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर एकट्यानंच चार दिवस समुद्र बघायचा, एवढाच बेत होता.

अलिबागला उतरून सहाआसनी रिक्षानं नागावला पोहोचलो. विलासदादांच्या वाडीत (नारळ-पोफळीच्या बागेला इथं वाडी म्हणतात) दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत तळलेली मांदेली पुढ्यात ठेवली. जेवताना माझं लक्ष दोरीवर गेलं. तिथं गोलकीपरचे हातमोजे वाळत होते, एका बोटाला पंक्चरवाल्याचं ठिगळ लावलेलं.

"हे कुणाचे?"

"आमच्या परेशचे," विलासदादा म्हणाले. परेश त्यांचा धाकटा भाऊ, वय तिशीचं, किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवतो. "उद्या त्यांचा फुटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना हाय. हरले तर खालच्या गटात."

माझा घास हातातच राहिला. आमच्या पेठेचा संघ एकदाच वरच्या गटात गेला होता आणि एकाच हंगामात खाली आला. त्या संघाचा गोलकीपर मीच होतो.

संध्याकाळी किनाऱ्यावर परेश भेटला. शेजारी संघाचा कप्तान इम्तियाज होता. तो मासळीचा व्यापार करतो, आणि 'पोफळी इलेव्हन'चा प्रशिक्षक, खजिनदार, सगळं तोच. गेल्या वर्षी या संघानं खालचा गट जिंकला आणि पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अव्वल गटात पाऊल टाकलं. यंदा तळाशी होता. वर राहायला एक गुण हवा होता, म्हणजे निदान बरोबरी.

"वर जायला अकरा माणसं पुरली, काका," इम्तियाज म्हणाला. "वर राहायला वीस लागतात. आमचा गोलकीपर जानेवारीत कुवेतला गेला. नोकरी लागली, त्याला थांब कसं म्हणायचं? सेंटर हाफ मस्कतला. परेश तसा बॅक. ग्लोव्हज घालून त्याला दीड महिना झालाय."

परेश वाळूत अंगठ्यानं रेघा ओढत होता. "सहा सामन्यांत चौदा गोल खाल्ले," तो म्हणाला. "लोक तोंडावर काय बोलत न्हाय. पण कलतं."

मी माझं सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, "काका, उद्या येशाल? माज्या गोलमागं उभे ऱ्हा."

सामना थळजवळच्या मैदानावर होता, दुपारी तीनला. आम्ही एक वाजता टेंपोत बसलो. पंधरा माणसं, दोन चेंडू, बर्फाचा डबा आणि मी. थळच्या अलीकडे मागचं चाक बसलं, आणि जादा चाक होतं तेही बसकं निघालं. इम्तियाजनं घड्याळ बघितलं. वेळेवर पोहोचलो नाही तर समोरच्यांना सामना फुकट मिळणार होता.

"चला, पायी," तो म्हणाला.

भर उन्हात डांबरी रस्त्यानं आम्ही निघालो. बूट गळ्यात, पायात चपला. नारळांच्या शेंड्यांवरून खतकारखान्याची धुराडी दिसत होती, ती काही केल्या जवळ येईनात. वाटेत सुकटीच्या वाळवणाशी बसलेल्या एका कोळीणबाईनं विचारलं, "कुठं रे चाललाव सगले?"

"मॅच हाय, मावशी!"

"मग चालताव काय? धावा!"

आणि खरंच सगळे धावायला लागले. बर्फाचा डबा माझ्याकडे राहिला. मी पोहोचलो तेव्हा नाणेफेक झाली होती आणि डब्यात नुसतं पाणी उरलं होतं.

समोर पनवेलकडचा संघ होता. उंच, तयारीची मुलं, एकसारखे गणवेश, बाकावर सात राखीव खेळाडू. आमचे धावत आलेले पंधरा. पण अर्धा वेळ गोलशून्य गेला. परेश चेंडू धरत नव्हता, नुसता ढकलत होता. तरी बाहेर ढकलत होता. विश्रांतीत मी त्याला एवढंच म्हणालो, "पुढं ये. गोलरेषेला चिकटू नकोस." त्यानं मान हलवली.

सामना संपायला पाच-सहा मिनिटं असताना इम्तियाजचा पाय समोरच्याच्या पायात गेला. शिट्टी वाजली. पेनल्टी. इम्तियाज गुडघ्यांवर बसला, उठेचना. परेशनंच येऊन त्याला हाताला धरून उठवलं.

पनवेलच्या खेळाडूनं चेंडू ठेवला. मी जाळीमागे होतो. त्याची नजर क्षणभर परेशच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. माझ्या अंगात कुठली तरी जुनी दुपार शिरली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "परेश, उजवीकडं!"

तो डावीकडे झेपावला.

चेंडूही डावीकडेच आला. परेशच्या मनगटाला लागून खांबाबाहेर गेला. सगळे त्याच्या अंगावर पडले. मी जाळीला धरून तसाच उभा होतो, मेल्याहून मेल्यासारखा.

सामना बरोबरीत सुटला. संघ टिकला. परेश आला, मातीनं माखलेला, हसत.

"काका, तुमी ओरडलाव ते त्यानं पण ऐकलं ना! त्याचं तोंड बदललेलं मी बघितलं. म्हटलं, आता हा तिकडं न्हाय मारत."

मी त्याला मिठी मारली. दुसरं काय करणार?

परतल्यावर वाडीत पोपटी लावली (मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी घालून मडकं जाळात भाजतात). शेंगा सोलता सोलता इम्तियाज हळूच म्हणाला, "पनवेलवाल्यांनी परेशचा नंबर मागितला."

"मग?"

"दिला. त्याचं चांगलं होत असेल तर मी कोण अडवणारा?" असं म्हणून त्यानं पुढची शेंग सोलायला घेतली.

दोन दिवसांनी परेशच मला अलिबागच्या स्टँडवर सोडायला आला. पनवेलहून फोन आला होता. "पावसापर्यंत विचार करतो म्हणालो," तो म्हणाला. जाऊ नकोस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला मागतंय याचा आनंद होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत चढलो.

नव्यानं वर आलेला संघ पुढंही टिकतो का, याचं उत्तर मी घरी घेऊन आलेलो नाही. पुढच्या वर्षी इम्तियाजला गोलकीपर शोधावा लागेल, कदाचित बॅकही. संघ जितका चांगला खेळेल तितकी त्याची माणसं दुसऱ्यांना हवीशी होतील, आणि तो थांबवणार कुणालाच नाही. तरी पावसाळा सरला की तो मासळीचा हिशोब बाजूला ठेवून वाड्यावाड्यांतून माणसं गोळा करत फिरेल, याबद्दल मला शंका नाही. या वेळीही त्याला ती अव्वल गटासाठीच गोळा करायची आहेत.