हरकत नसल्यास मंजूर

शेजारच्या सरकारांनी मिळून काढलेलं आमचं शांतता कार्यालय महूजवळच्या शहरात, अन्नपूर्णा भागात आहे. तिथला नियम असा, की मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि ठरल्या वेळेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. मसुदे मी लिहिते.

त्यात मी एक कलम घातलं होतं: शांतता करारावर सह्या होण्याआधी, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कार्यालयप्रमुखांनी समोर बसवून ऐकावं. सीमेवरच्या एका गावात झडती झाली आणि एका बाईच्या नवऱ्याला नेलं. तो परत आलाच नाही. तुमच्या साहेबांनी एकदा माझ्या तोंडून ऐकावं, एवढंच तिचं मागणं. मी तिला शब्द दिला होता.

चौदा एप्रिलला, जयंतीला, मी महूला गेले. आमच्या घरात तो दिवस कोणी चुकवत नाही, हे प्रमुखांना, म्हणजे आमच्या सरांना, पक्कं ठाऊक. त्याच दिवशी त्यांनी माझं कलम काढून मसुदा फिरवला, संध्याकाळी पाचची मुदत देऊन. मी परतले तेव्हा सगळं मंजूर झालं होतं.

"मॅडम, पहिले शांती तर होऊ द्या," सर म्हणाले. "हक्क-वक्क बाद में बघू."

तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी मी भांडून मोकळी झाले असते, पण त्यांनी दिवस निवडून घाव घातला होता. मी अकरा महिने डूख धरून बसले.

रंगपंचमीला सर गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या, मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतात. आदल्या दिवशी मी माझं कलम परत घालून दुरुस्त्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. वाचायची सवय नसल्यामुळे त्यांनी नुसत्या सह्या केल्या. सकाळी मी तो सगळ्या सरकारांना पाठवला, मुदत पाचची. एक प्रत सरांच्या फोनवरही गेली. फोन रंगापासून वाचवायला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. पाचपर्यंत कोणाचीच हरकत आली नाही. मला लाज वाटायला हवी होती, पण मी पोटभर पोहे-जलेबी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सर आले, कानामागे हिरवा रंग तसाच. "मॅडम, ये क्या है? मला विचारायचं तरी."

"सही तुमचीच आहे, सर."

करारावरच्या सह्यांच्या आदल्या आठवड्यात ती बाई आली. सर कागद चाळत बसले, तशी ती म्हणाली, "पहले मेरी तरफ देखिए." त्यांना बघावं लागलं. ती तासभर बोलली. सर घामाघूम झाले, त्यांनी दोनदा पाणी मागितलं, आणि मी त्यांचा चेहरा डोळे भरून पाहिला.

तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नाही, हे ती निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.