सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा रविवार होता आणि गॅसवर तांबडा रस्सा उकळत होता. पलीकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "गेला." मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. माझे धाकटे दीर, सुनीलभावजी, अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. चटणी घालायच्या आधी त्यांच्यासाठी त्याच पातेल्यातली एक वाटी मी बाजूला काढली होती. गाळून, पातळ करून दवाखान्यात न्यायची, नळीतून द्यायची... संध्याकाळी कुणा शेजारणीने ती वाटी मोरीत ओतली आणि घासून पालथी घातली.

भेटायला येणारा जो तो म्हणत होता, "व्यसन काय न्हवतं बगा पोराला." सासूबाई मान हलवायच्या. भावजींसाठी स्थळं बघताना त्या पावण्यांना ठासून सांगायच्या, "आमच्या सुनीलला सुपारीच्या खांडाचं बी व्यसन न्हाय." आणि त्याच वेळी सुनीलभावजी बाहेर मोटरसायकलवर बसून पुडी फाडत असायचे. पुडीत दुसरं काय होतं? सुपारीच होती, तंबाखू होती आणि वरून गुलाबाचा वास. पण आपण खोटं बोलतोय असं सासूबाईंना कधी वाटलं नाही आणि आम्हालाही नाही. व्यसन म्हणजे दारू, बिडी, फार तर सासऱ्यांच्या कनवटीची चुनातंबाखू. पुडी ही व्यसनात धरतच नव्हतो आम्ही.

कशी धरणार? माझ्याच लग्नात वऱ्हाडाला पानसुपारीऐवजी चकचकीत पुड्या ताटात घालून फिरवल्या होत्या. आमच्या वडिलांना त्याचं कोण कौतुक! भावजी तेव्हा अकरावीत. कॉलेजच्या दारातल्या टपरीवर पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लोंबायच्या, केशर, वेलची, गुलाब. टीव्हीवर त्याच पुडीच्या जाहिरातीत मोटारी, सूटबूट आणि लग्नाच्या वराती. मी एकदा दटावलं, तर हसून म्हणाले, "वैनी, तंबाकू म्हातारी खात्यात. ह्यो गुलाब हाय की." आणि खरं सांगायचं तर सासऱ्यांच्या थुंकीच्या डब्यापुढे तो वास मला बरा वाटायचा. भावजी घरात आले की लग्नघरात आल्यासारखं वाटायचं.

पुढे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ते मशीनवर लागले. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून पुडी, जेवण झालं की पुडी, मित्र भेटला की पुडी. मध्ये सरकारची बंदी आली, तेव्हा टपरीवरच्या माळा आत गेल्या. पुड्या बाहेर येतच राहिल्या.

रविवारी रस्सा ओरपावा तो भावजींनीच. कपाळाला घाम, नाकाला पाणी आणि तरी म्हणायचे, "वैनी, कट वाडा की. काय आजाऱ्याला वाडताय काय?" या माणसाने एका रविवारी वाटी बाजूला सारली आणि पांढरा मागितला. काही महिन्यांनी पांढऱ्यातलं मिरंही सोसेना. मग दूध आणि कुस्करलेली भाकरी. कोल्हापूरकडच्या घरात तरण्या गड्याने तिखट सोडलं तर काय समजायचं? आम्ही समजलो, पोरीचं प्रकरण आहे. कंपनीच्या ऑफिसात कुरुंदवाडची एक लिंगायत मुलगी होती, तिचं नाव त्यांच्या बोलण्यात दोन-चारदा आलं होतं. झालं, आम्हाला सूत सापडलं. मटण सुटलं ते तिच्यापायी! ह्यांनी चिडवलं, मी चिडवलं, शेजारणींनी नाव घ्यायला लावलं. सासूबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. मग एका रविवारी सगळे जेवायला बसलो असताना त्यांनी मनाचा मोठेपणा केला.

"लिंगायताची असली म्हणून काय झालं? पोरगी चांगली असली म्हंजे बास. दोन चुली मांडू की आपण."

भावजी हसले. हसताना ओठ ताणले गेले, पण तोंड काही उघडलं नाही. "आई," ते म्हणाले, "पोरगी न्हाय कुठली. माजं तोंडच उगडंना झालंय."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. कोल्हापुरातल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची जातात म्हणे. भावजींचं दुसरं बोट दातांशी अडलं. गाल आतून चामड्यासारखे घट्ट झाले होते. तिखट झोंबणं ही पहिली खूण असते, डॉक्टर म्हणाले. पहिली खूण... आणि आम्ही त्या खुणेवर वर्षभर लग्नाची गाणी म्हटली. भावजींनी पुडी सोडली, धरली, पुन्हा सोडली. तोवर गालातल्या पांढऱ्या चट्ट्याची गाठ झाली होती. जबडा काढला, नळी घातली. आवाज गेला, तेव्हा रागाने ते पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायचे. सासूबाई त्या आवाजाला अजून दचकतात.

रक्षाविसर्जनाला नैवेद्याच्या पानावर आवडीनिवडीचं ठेवतात. मी तांबडा रस्सा नेला होता, भरपूर कट घालून. तेवढ्यात त्यांच्या एका मित्राने खिशातून पुडी काढून भाकरीशेजारी ठेवली. "लई आवडायची त्याला," म्हणाला आणि रडायला लागला. मी ती उचलली आणि चारचौघांत त्याच्या अंगावर भिरकावली. बायकांनी मला मागे ओढलं. उत्तरकार्याला जेवून उठलेले पावणे आमच्याच दारात पुड्या फाडत उभे होते, तेव्हा मात्र मला कुणावर काही फेकता आलं नाही. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की विषात गुलाब घालायची युक्ती ज्या माणसाला सुचली, त्याला मुलंबाळं असतील ना? ती काय खातात?

आता महिना होऊन गेला. रविवारी हात अजून आपोआप चालतो. चटणी घालायच्या आधी मी एक वाटी बाजूला काढते, मग आठवतं, मग ती तशीच ओट्यावर राहते. गेल्या रविवारीही राहिली. सगळ्यांना वाढत होते, तर माझ्या लेकीने, पाचवीतल्या प्राजूने, हात लांब करून ती वाटी आपल्याकडे ओढली.

"आई, मला हेच दे. तिखट नको, तोंड झोंबतंय."

मी पळी खाली ठेवली. "आ कर," म्हटलं. "तीन बोटं घाल."

ती घाबरली, पण तिने घातली. गेली, तिन्ही गेली. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मी मात्र वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं, तर गुलाबाचा वास येत होता.