अपघात: निरंक

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मंठा रोडला, इंद्रायणीनगरच्या तोंडाशी. अर्जही लिहून देतो. लोक म्हणतात मुबारकभाई लई फटकळ. असंल. पण सत्यशीलाबाईंबद्दल सांगताना जरा जपून बोलीन म्हणतो.

बाई मूळच्या परतूरकडच्या, अंगणवाडीत मदतनीस होत्या. मालक वारल्यावर इथं प्लॉटवर दोन खोल्या बांधून राह्यल्या, तेव्हा चाळीसच घरं होती अन् बाकी सगळी कापसाची रानं. आता रानं गेली, सातशे घरं झाली, अन् अजून बांधूनच राह्यलेत. घरटी दोन-दोन मोटारसायकली. रस्ता रुंद झाला, त्यावर सळईचे ट्रक सुसाट सुटले, अन् जिल्हा परिषदेची शाळा राह्यली पल्याड. नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात लेकरं आलीच न्हाईत का, मला तर बिलकुल कळत न्हाई.

रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई रस्त्यावर उभ्या राह्यल्या. हातात लाल ब्लाउजपीस. थेट मधोमध जायच्या अन् ट्रकवाल्यावर ओरडायच्या, "ए बाबा, थांब की! लेकरं हायेत!" मंग लेकरं पार. दुपारी शाळा सुटली की पुन्हा तेच. आठ वर्षं! कुणी नेमलं न्हाई, कुणी चहाला विचारलं न्हाई. माझी पोरगी नाहिद तिसरीला आहे, तीही बाईंचंच बोट धरून जायची.

यंदा बाईंना दिसंना झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं अन् वर महिनाभर धूळ बंद. बाई तशाच दुकानात आल्या.

"मुबारकभाई, तिथं गतिरोधक करून घ्या. तोवर मी डोळ्याला हात लावू देणार न्हाई."

मी बांधकाम खात्याला अर्ज लिहिला, कॉलनीतल्या दोनशे जणांच्या सह्या घेतल्या. दीड महिन्यानं उत्तर आलं. सदर ठिकाणी मागील आठ वर्षांत अपघात निरंक, सबब गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.

"निरंक म्हंजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"म्हंजे एकबी न्हाई."

बाईंचं तोंड उजळलं. "मंग चांगलंच लिहिलंय की त्यांनी!"

"काय चांगलं, कप्पाळ! त्याच्यामुळंच तर न्हाई म्हणून राह्यलेत!"

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. साहेब तरुण होता, बोलायला बरा होता. म्हणाला, "आजी, नियमाप्रमाणं अपघाताची नोंद लागते."

"मी उभी राह्यते म्हणून न्हाई होत, साहेब."

"बरोबर आहे. पण तुम्ही उभ्या राहता, याची कुठं नोंद आहे का?"

येताना रिक्षात माझं डोकं असं तापलं, की तोंडाला आलं ते बोललो. "बाई, आठ दिवस उभ्याच राहू नका तुम्ही. मंग बघा गतिरोधक कसा जल्दी होतो ते!"

बाई एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं. न्हाई राहत. पण तेवढे आठ दिवस नाहिदला घरीच ठेवा."

दुकान येईस्तोवर मी मान वर केली न्हाई. अजून आठवलं की लाज वाटते. लेकरू दुसऱ्या कुणाचं तरी जाईल, असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा जागेवर. मी आणखी दोन अर्ज केले. उत्तर नाही. मंग एका सकाळी एक मोटारसायकल बाईंना दिसलीच न्हाई. सोबतच्या एका पोरीनं पदर ओढला म्हणून वाचल्या. कुणाला खरचटलंही न्हाई. पण बाई माझ्या दुकानात येऊन बसल्या.

"आता माझ्याच हातून एखादं जाईल," त्या म्हणाल्या. "मी ऑपरेशनला जाते. तुम्ही उभे राहा."

"राहतो की. त्यात काय!"

मंगळवारी मी दुकान बंद ठेवून उभा राह्यलो. एकोणीस लेकरं, पुढं नाहिद. समोरून सळईचा ट्रक येऊन राह्यला होता. मी मधी गेलो, हात वर केला. तो काही हळू होईना. हॉर्न देतच आला अन् माझ्यापासून चार हातांवर कच्चकन थांबला. मागं सळया खणखणल्या. ड्रायव्हरनं आईवरून शिवी घातली. लेकरं पार झाली अन् मी दुकानामागं जाऊन ओकलो.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. डोळ्यावर काळा चष्मा घालून बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं मला.

"गेली का सगळी?"

"गेली. बराबर गेली." मंग न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला भ्या न्हाई वाटायचं का हो?"

"आता गं बाई! वाटायचं की. रोज वाटायचं. घरून निघायच्या आधी दोन-दोनदा संडासला जाऊन यायचे मी."

आठ वर्षं मी काउंटरवर बसून समोर बघत होतो. मला वाटायचं, बाईला सवय झाली असंल.