दारावरच्या बाईचे जोडे

दीपिका जाधव माणसाचं बोट मोडण्याआधी ‘सॉरी सर’ म्हणायची. आधी म्हणायची, मग मोडायची. क्रम कधी चुकला नाही. परळच्या ज्या मिलमध्ये तिच्या वडिलांनी, भिवा जाधवांनी, साच्यापुढं उभं राहून जन्म काढला, तिथं आता पब आणि लग्नाचे हॉल झालेत. त्यांच्या दारांवर काळा शर्ट घालून दीपिका उभी असते. लेडी बाउन्सर. उजव्या भुवईत बाटलीची खूण, डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. चाळीतली पोरं तिला समोर ताई म्हणतात आणि पाठीमागेही ताईच म्हणतात. एकानं पाठीमागे दुसरं काही म्हणून पाहिलं होतं, तर महिनाभर पेजेवर होता बिचारा.

अशा बाईला छंद काय, तर सतराव्या शतकातल्या बायकांचे कपडे आणि जोडे हुबेहूब बनवायचे. तेही हातानं. मशीनला हात लावायचा नाही.

खूळ लागलं ते एका संग्रहालयात. तिथं बड्या लोकांचा कार्यक्रम होता आणि दीपिकाला एका भिंतीपाशी उभं केलं होतं. भिंतीवर दख्खनचं एक जुनं चित्र. गच्चीवर राणी बसलेली, हातात पेला, भोवती दासी. येणारा जाणारा राणीला बघून पुढं सरकत होता. दीपिकाला मात्र कोपऱ्यात दारापाशी उभी असलेली एक बाई दिसली. अंगात अंगरखा, कमरेला शेला, हातात काठी. भार दोन्ही पायांवर सारखा, हनुवटी खाली, नजर समोरच्याच्या तोंडावर नाही, हातांवर. दीपिकानं तिला लगेच ओळखलं. ही ड्युटीवर होती.

राणीचं लुगडं शिवणारे दादरला गल्लोगल्ली पडलेत. दारावरच्या बाईचं कोण शिवणार? दीपिकानं चित्राचा फोटो काढला आणि हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन जाड सुती कापड मागितलं. दुकानदारानं कौतुकानं तयार नऊवारी दाखवली, कमरेला इलॅस्टिक असलेली. दीपिकानं ते इलॅस्टिक ताणून पाहिलं. ते परत आलं नाही. दुकानदार मुकाट्यानं सुती कापड शोधायला आत गेला.

अंगरख्याला बटणं नाहीत, बंद आहेत. छातीवर कापड दुहेरी. धारावीतून चामडं आणून तिनं जोडेही शिवले, वर वळलेल्या चोचीचे. दोन्ही पायांना लाकडाचा फर्मा एकच, त्यामुळे त्यांत डावा-उजवा असा प्रकारच नाही, पायाला बसेपर्यंत अदलून-बदलून घालायचे. एवढं सगळं जमलं, पण एक गोष्ट तिच्या डोक्यात सलत राहिली. चित्रातल्या बाईच्या जोड्यांची टाच आत दुमडून चपटी केलेली होती. नुसता पाय सरकवायचा, सपातांसारखा.

“चितारी आळशी असंल,” भिवा म्हणाले. “नायतर बाई आळशी.”

“ड्युटीवरची बाई असले जोडे घालंल का, बाबा? पळायची वेळ आली तर?”

“मग उभी टाच शिव.”

पण चित्रात जे आहे ते आहे. दीपिकानं टाच दुमडलेलीच ठेवली आणि मनातल्या मनात त्या बाईवर चिडत राहिली.

धंद्याचा एक नियम आहे: पहिला हात गिऱ्हाइकाचा. बाउन्सरनं खायचं, मगच द्यायचं. दीपिकाचा हिशोब यात थोडा कच्चा. गेल्या खेपेला तिनं ज्याच्या गळ्याचं हाड मोडलं तो हॉलच्या मालकाचा साडू निघाला. एजन्सीवाल्या वैभवनं तिला सगळ्या पोरांसमोर सुनावलं होतं, की आता एक जरी तक्रार आली तर मुंबईत कुठल्याच दारावर उभी राहणार नाहीस. दीपिकाला दुसरं काही येत नव्हतं आणि भिवांच्या औषधांना दुसरा कोणी नव्हता. म्हणून तिनं बरेच दिवस हात पाठीमागे बांधून काढले.

मग ते लग्न आलं. दरबार थीम. हॉलभर मखमल, नवऱ्याच्या कमरेला तलवार. वैभवच्या डोक्यात आलं, की नवरीच्या खोलीच्या दारावर दीपिकाला तिच्या त्या पोशाखात उभं करावं, पार्टी खूश होईल. पार्टी म्हणजे नवऱ्याकडचे.

“आज कोणाच्या अंगाला हात लागला ना, दीपे,” तो म्हणाला, “तर उद्यापासून घरी बसून शिलाईच कर.”

दुपारी ती दारावर उभी राहिली. भार दोन्ही पायांवर, हनुवटी खाली. पोशाख घालून पहिल्यांदाच चारचौघांत आली होती. आतून लाजून चूर. तेवढ्यात दार किलकिलं झालं. आत नवरी होती, आकांक्षा. मेकअपवाल्या पोरीनं गालावर थरावर थर दिले होते, तरी खालून चार बोटं उमटलेली दिसत होती. मेंदीचे पाय अनवाणी.

“ताई, कोणालाही आत सोडू नका,” ती म्हणाली. “नवऱ्यालासुद्धा.”

दार लागलं. तिचे आई-वडील बाहेर पाहुण्यांना पन्हं देत होते, त्यांना सांगून उपयोग झाला नसावा.

मुहूर्त संध्याकाळचा, पण नवरदेव हितेंद्र दुपारीच चढवून आला. बरोबर स्वप्नील नावाचा मित्र, हातात मोबाईल, शूटिंग चालू.

“बाजूला हो. बायको आहे माझी.”

“अजून नाही झाली, सर.”

मित्र हसला. हितेंद्रला ते हसणं लागलं आणि त्यानं ते दीपिकाच्या तोंडावर काढलं. ओठ फुटला. तिनं हात मागेच ठेवले. धंद्याच्या नियमानं आता तिचा हात सुटायला मोकळा होता, वैभवच्या नियमानं नव्हता. त्यानं ढकललं. गुळगुळीत लादीवर नव्या चामड्याचे तळ सटकले, ती मागे गेली आणि डोकं दारावर आपटलं. आतून एक बारीक किंकाळी आली. दुसऱ्या ढकलण्याला कोपऱ्यातली काचेची मोठी फुलदाणी गेली आणि काच पॅसेजभर पसरली.

हितेंद्रनं तलवार उपसली. शोभेची, बोथट, पण लोखंड ते लोखंड. त्यानं ती लाठीसारखी तिच्या छातीवर हाणली. दुहेरी कापड फाटलं, हाड वाचलं. मग तो दाराच्या कडीला भिडला.

दीपिकानं पाय झटकले. जोडे एका झटक्यात निघून दाराशी पडले, आणि अनवाणी तळवे लादीला घट्ट धरून बसले. चित्रातली बाई आळशी नव्हती, एवढं कळायला तिला तेवढा क्षण पुरला.

“सॉरी सर,” ती म्हणाली.

तिनं कमरेचा शेला सोडून त्याच्या तलवारीच्या मनगटाला वेढा दिला आणि पिळला. मनगटानं ओली फांदी मोडावी तसा आवाज केला. तलवार पडली. गुडघा पोटात, कपाळ नाकावर, नाकातलं रक्त सगळं अंगरख्यावर. स्वप्नीलनं मागून तिचे केस धरले. तिनं कोपर मागे नेलं, त्याचा मोबाईल एकीकडे गेला आणि दोन दात दुसरीकडे. हितेंद्रला तिनं पालथा पाडून त्याच्या पाठीवर गुडघा रोवला. हे सगळं काचेवर. तिच्या तळव्यांत काच शिरत होती आणि प्रत्येक जोराबरोबर आणखी आत जात होती.

दार उघडलं. आकांक्षानं काच पाहिली, आपले मेंदीचे पाय पाहिले. आत पट्ट्या-बकलांच्या उंच टाचांच्या सँडल होत्या. त्या चढवायला दोन मैत्रिणी आणि अर्धा तास लागला असता. दाराशी दीपिकाचे जोडे पडले होते, उलटसुलट. पोरीनं कुठला कुठल्या पायाचा हे पाहिलंही नाही. पाय सरकवले, शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि काच कराकरा तुडवत जिन्याकडं पळाली.

खाली माणसं जमायला लागली होती. हितेंद्रची आई ओरडत वर येत होती, वैभव तिच्या पुढं. दीपिकानं गुडघा उचलला नाही. जिन्यावरचा तो चामड्याचा फटफट आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हाच उठली. मग वैभव जे बोलला ते तिनं ऐकून घेतलं. पोलिसांपुढं हितेंद्रकडच्यांनी खूप आवाज केला, पण स्वप्नीलच्या मोबाईलमध्ये पहिला हात कोणाचा हे नीट दिसत होतं. नोकरी मात्र गेली ती गेलीच.

संध्याकाळी भिवा चष्मा लावून लेकीच्या तळव्यांतून चिमट्यानं काच काढत होते. एकेक तुकडा वाटीत टाकत. मधेच थांबून त्यांनी विचारलं, जोडे कुठायत? तिनं गेले म्हणून सांगितलं.

“एवढ्या म्हयन्यांचं काम,” भिवा पुटपुटले. “आता नवे करशील ते तरी उभ्या टाचेचे कर.”

“नाय बाबा. टाच दुमडलेलीच.”

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, आकांक्षाचा आवाज. ती खोताच्या वाडीत मावशीकडं पोचली होती, मावशीनं दाराला आतून कडी घातली होती, रात्री वकीलबाई यायच्या होत्या. रडून झालं, आभार मानून झाले. मग बिचकत तिनं सांगितलं, की जोडे उद्या पाठवते, फक्त डावा फार चावतोय हो, ताई.

“पाठवू नका,” दीपिका म्हणाली. “उद्या पाय बदलून घाला.”