भिंतीपलीकडची मोटर

मला सकाळी उठायचा कंटाळा. आजचा नाही, जन्माचा. मोबाईलवर एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत असतो, पहाटे उठा, कोमट पाणी प्या, आरशात बघून म्हणा, मी करू शकते. मी एकदा म्हणून पाहिलं. आरशातली बाई म्हणाली, झोप गं गपचूप. झोपले.

आमच्या घरात उठायची रीतच वेगळी होती. माझी आई रागावर उठायची. अंगात कणकण असली, घरात पसारा पडलेला असला, की ती आधी कुणावर तरी चिडून घ्यायची आणि मग कामाला लागायची. "राग आला की भाकरी भराभर थापती," असं तिचं म्हणणं. आणि हा राग तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. ती म्हणजे तिची थोरली जाऊ. माझी मोठी आई.

मुकुंदवाडीत आमचं घर. बाप आणि चुलता असतानाच वाटणी झाली, मधे भिंत आली, पण नळाची लाइन एकच राहिली. या शहरात नळाची वाट बघावी लागते. आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. "नळ आले गं!" अशी हाळी गल्लीत उठली की हातातलं काम टाकून बाया ड्रम भरायला पळतात. मोठ्या आईनं लाइनीवर मोटर बसवून घेतली होती. भिंतीपलीकडं ती घुरघुरायला लागली की आमच्या नळाला नुसती फुसफुस. मग दोघींच्या तोंडाचे पट्टे सुटायचे. मी सासर सोडून आले तेव्हापासून इथंच ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. मशीनवर बसून मी ही भांडणं ऐकली, आणि खरं सांगायचं तर मला दोघींची लाज वाटायची.

मागच्या वर्षी आईला लकवा मारला. डावं अंग लुळं पडलं. जीभ वाचली. मोठी आई भिंतीपलीकडून म्हणाली, "ती काय जाती!"

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी ताई होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना रोज चालवा. पहिले काही महिनेच हातात आहेत. पडून राहिल्या तर पाय आखडेल, मग आपण काही करू शकणार नाही." मी मान डोलावली. घरी आणलं आणि आई पलंगावर पडली ती पडलीच. "लई थकवा येतो गं. उद्या बघू." जन्मभर राबलेल्या बाईला असा आळस येईल हे मला पटेना. मी गोड बोलून पाहिलं. पौर्णिमेला विहारात नेते म्हटलं, पांढरी साडी धुऊन इस्त्री करून समोर टांगली. नाही. टीव्ही बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. "मग नको टीव्ही," म्हणाली. मोबाईलमधल्या माणसाला तिच्या कानाशी धरलं. "हा काय विकतो?" म्हणाली, आणि डोळे मिटले.

मग नळ आले. आमच्याकडं बादलीचा तळसुद्धा झाकला नव्हता, तेवढ्यात पलीकडं मोटर घुरघुरली. मी नळाशी होते. मागं काहीतरी आपटलं म्हणून वळले, तर आई पलंग सोडून भिंतीला टेकून उभी. केस सुटलेले, डावा पाय मागं लोंबतोय. उजव्या हाताची मूठ करून भिंत ठोकत होती. "मुडदा बशिवला तुझा! मी जित्ती हाय अजून!"

पलीकडून आवाज आला, "हायस ना जित्ती? मग ये की बाहेर! भिंत काहून बडवती?"

"येती! तुझ्या दारात येऊन बोलती!"

त्या दिवसापासून तिला दुसरं सुचेना. जावेच्या दारात जायचं, समोर उभं राहायचं आणि काय ते तोंडावर बोलायचं. आधी चौकटीपर्यंत गेली. मग ओट्यापर्यंत. पाय उचलत नव्हता तर त्या पायालाच शिव्या द्यायची. मोठी आई तिच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली असायची, वर न बघता म्हणायची, "आली का लंगडी? अजून फाटक लई लांब हाय." मला तिचा संताप यायचा. आणि रात्री आईचे पाय चेपताना लक्षात यायचं की पोटरीत बळ येतंय. मग मला ती बाई काय बोलते त्याचं काही वाटेनासं झालं. बोल बाई, अजून बोल.

आई फाटकापर्यंत पोचली. तिथून मोठ्या आईचं दार म्हणजे वळलं की झालं. आणि त्याच आठवड्यात मोठी आई दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

आई मातीला गेली नाही. जलदान विधीलाही नाही. मोठ्या आईच्या पोरांनी घराला कुलूप लावलं, मोटर काढून नेली. पुढच्या वेळी नळ आला तेव्हा आमच्याकडं पाणी असं धो धो आलं की बादली हातातून निसटली. "आई, बघ तरी!" मी ओरडले. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "आता काय, येईलच की."

ती पुन्हा उठेना. पलीकडं भाडेकरू आलेत, त्यांनी मोटर लावलीय अशी मी थाप मारली. "लावू दे." गुडघा दुमडला की तिला कळ यायला लागली. दवाखान्यातल्या ताईचं बोलणं मला रोज आठवायचं, आणि रोज मीही तिच्या शेजारी आडवी व्हायचे. बाया दारात येऊन विचारायच्या, "ताई, ब्लाउज झालं का?" मी आतूनच सांगायचे, उद्या. दोघी मायलेकी दिवसाउजेडी पडून. कुणी मेलंय की काय असं वाटावं असं घर. मला भीती वाटायची, फार भीती वाटायची, पण भीतीनं काही माणूस उठत नाही.

एके सकाळी गल्लीत नळाची हाळी आली आणि मी उठले नाही. नळ उघडाच होता. पाणी ड्रममधून वर येऊन उंबऱ्यापर्यंत आलं. आई म्हणाली, "वाहू दे. कोण पितंय?"

माझ्या डोक्यात काय झालं माहीत नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मोठी आई खरं बोलायची. तुला लकवा-बिकवा काही नाही. तुला फुकट गिळायची सवय लागलीय. ती होती म्हणून हे घर चाललं. मरायचं तर तूच मरायची होतीस."

तोंडातून गेलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. मग ती उजव्या हातानं पलंगाची कड धरून उठली. "काय म्हणलीस?" त्या पाण्यातून ती माझ्या अंगावर चालत आली. मी मागं सरले. ती अजून पुढं आली. मी ओट्यावर, ती चौकटीत. थप्पड मला फाटकापाशी बसली.

तेव्हापासून ती चालते. माझ्या हातचा चहा घेत नाही, शेजारणीकडं जाऊन पिते. आता समोरच्या दुकानापर्यंत जाते आणि भेटेल त्याला सांगते, "पोटची पोर नाय, वैरीण हाय." व्यायामवाली ताई खूश झाली. "काय केलंत हो?" मी म्हटलं, "काही नाही, बोलत असते."

काल संध्याकाळी मी मशीनवर वाकले होते. आई मागं येऊन उभी राहिली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी महिन्यांनी. हळूच म्हणाली, "पोरी, जाऊ दे. झालं गेलं. मी बी आता थकले. उद्यापासून नाय चालत."

तिच्या कुशीत तोंड खुपसावं आणि सगळं सांगून टाकावं असं वाटलं. मी तिचा हात डोक्यावरून काढला. म्हटलं, "मग पड. तेवढंच तुला येतं."

रात्रभर मी रडले. सकाळी नेहमीसारखा उठायचा कंटाळा आला, पांघरूण ओढून घेतलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी ओट्यावरून, मग फाटकातून, मग पार दुकानापासून. माझ्या नावानं खडे फोडत होती. शेवटचा शब्द नीट ऐकू येईना इतकी ती लांब गेली होती.

मी उठले आणि मशीनवर बसले.