सात नंबरचा रंग

मनोहरची सुमन सायकल-रिक्षातून उतरली तेव्हा मी फाटकापाशी दूधवाल्याशी हुज्जत घालत होतो. तिच्या पायांत चपला नव्हत्या. "काका, बाबा उठून नाही राहिले," एवढंच म्हणाली आणि फाटकाला धरून उभी राहिली. मनोहरला उठवायची वेळ कधी कोणावर आली नव्हती. नागपूरच्या महाल भागातल्या त्याच्या खोलीत मी पोचलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजलेला होता, आणि त्याच भिंतीला तो पुठ्ठा टेकवलेला होता, अपुऱ्या राहिलेल्या तळ्याच्या चित्राचा... महिना उलटून गेला या गोष्टीला. भेटायला येणारे म्हणतात, झोपेत गेला, नशीबवान, सुटला. मी तसं म्हणणार नाही. त्याची बायको, शालूवहिनी, गेली तेव्हाच तोही संपला होता, शरीराला ते कळायला वेळ लागला एवढंच.

आम्ही दोघं कुही तालुक्यातल्या शेजारशेजारच्या गावांतले. धानाची शेती, घरात कोणाला सही करता येत नव्हती. त्या घरांतून नागपूरला येऊन, एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवून आम्ही बी.ए. झालो. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते आणि ती मी खाली घालणार नाही. मनोहर माझ्याहून हुशार होता. रेल्वेच्या परीक्षेत तो वरच्या नंबरात आला आणि त्याच्या गावात पेढे वाटले गेले. मग डॉक्टरी तपासणी झाली. डॉक्टरांनी एक पुस्तक उघडून पुढे धरलं. पानभर रंगीत ठिपके, त्या ठिपक्यांत लपलेला एक आकडा, तो वाचायचा. हा म्हणाला, "साहेब, ठिपके तर दिसून राहिले, आकडा कुठी आहे?" डॉक्टरांना आधी ती थट्टाच वाटली. आपल्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही, हे मनोहरला पंचविशीच्या आसपास, त्या टेबलासमोर कळलं. तोवर अडलं नव्हतं. झाड हिरवं म्हणतात म्हणून हाही हिरवं म्हणत आला होता. नोकरी अर्थातच गेली, सिग्नल ओळखता न येणारा माणूस रेल्वे कशाला घेईल? बाहेर आल्यावर मला म्हणाला, "नारायण, तुले गवत कसं दिसते गा?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

पुढे तो संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागला. नागपुरात राहायचं, दिवसभर संत्र्यांच्या ढिगांत बसायचं, आणि कच्च्या-पिकल्या संत्र्याचा रंगच ओळखू यायचा नाही! तो देठापाशी अंगठ्यानं दाबून फळ पारखायचा. हमाल त्याला हसायचे, "बाबू संत्र्याची नाडी पाहून राहिले." खरं कारण त्यानं कोणाला कळू दिलं नाही. मला माहीत होतं आणि लग्नानंतर शालूवहिनीला. तिनं संक्रांतीला हिरव्या बांगड्या आणायला सांगितल्या, दुकानदाराला विचारायची याला लाज वाटली, आणि हा मोठ्या ऐटीत लालभडक घेऊन आला. वहिनीनं त्या तशाच हातात भरल्या. नंतर मात्र त्याचे कपडे रोज तीच काढून ठेवायची.

तो रंगांचा खोका आला तेव्हा सुमन शाळेत होती. व्यापाऱ्याचा पुतण्या अमेरिकेहून आला, त्यानं आणलेल्या वस्तूंत हा खोका कोणाला नको होता, म्हणून तो मनोहरच्या हातात पडला. आत एक पुठ्ठा, त्यावर फिकट निळ्या रेघांनी आखलेलं परदेशी जंगलाचं चित्र. रेघांमधल्या प्रत्येक तुकड्यात बारीक आकडा छापलेला. सोबत ब्रश आणि तेलरंगाच्या चिमुकल्या डब्या, झाकणांवर तेच आकडे. चारच्या तुकड्यात चारच्या डबीतला रंग भरायचा, झालं. सुमन एका संध्याकाळीच कंटाळली. मनोहर मात्र तो पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिला. मी गेलो तेव्हा म्हणाला, "हे पाह्य. त्या पुस्तकात रंगातून आकडा काढा म्हणत होते. इथं आकडा धरा, रंग आपोआप." त्यानंतर कामावरून आला की बनियनवर खिडकीशी बसायचा, जीभ ओठांत धरून, रेघेच्या बाहेर केसभरही न जाता. पानगळीचं झाड पुरं झालं त्या दिवशी त्यानं मला मुद्दाम बोलावलं. "लाल झालं काय गा?" मी म्हटलं, "पेटल्यासारखं झालं." तो माणूस इतका हसलेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला वहिनीनं एक घोटाळा केला. हत्यारं पुजायची म्हणून तिनं पाटावर ब्रश मांडले, डब्या मांडल्या, आणि झाकलेली वस्तू कशी पुजायची, म्हणून सगळ्या डब्यांची झाकणं काढून हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या हत्याराला कोजागिरीपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा नेम. नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन... कोजागिरीला पाहतो तर निम्म्या डब्यांतले रंग वाळून खपली झालेली. मनोहर सुईनं टोकरत बसला. वहिनी त्या खपल्या कागदात बांधून महालातल्या रंगवाल्याकडे गेली, त्याच्याकडून डबे आणले, स्वयंपाकातल्या जवसाच्या तेलात कालवून खपलीशी ताडून पाहत बसली आणि एकेक नंबर पुन्हा तयार केला. आठवड्यात चित्र पुढे सरकलं. ते संपल्यावर दुसरा खोका कुठून येणार? तेव्हा तिनं कॅलेंडरवरची चित्रं कार्बननं पुठ्ठ्यावर उतरवायला, तुकडे पाडायला, आकडे घालायला आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून रंग करायला सुरुवात केली. मी म्हटलं, वहिनी, मग तुम्हीच का नाही रंगवत? म्हणाली, "मले रेघ वढता येते भाऊजी, धीर नाही धरवत. तो ह्यायच्यापाशी आहे." वर्षानुवर्षं हे चाललं. आत भाजीची फोडणी आणि बाहेर जवसाच्या तेलाचा वास, "अहो, नऊ घट्ट झाला काय?" "नाही वं, चालते." त्या घरात याहून मोठं बोलणं मी ऐकलं नाही, आणि याहून सुखी घरही पाहिलं नाही.

शेवटचं चित्र तिनं कॅलेंडरवरून घेतलं नाही. मनोहरच्या गावची बोडी, म्हणजे धानाला पाणी पुरवायचं ते लहान तळं, तिनं मनानंच काढली. रंगही मनानंच कालवत होती. तेवढ्यात दुखणं निघालं. धंतोलीतल्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा ती मनोहरला सांगत होती, "सात राहिला आहे. मी घरी आली की करतो." ती घरी आली नाही.

मनोहरनं बाकीचे सगळे नंबर भरले. मग ब्रश धुऊन ठेवला आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. त्या दिवसापासून तो फक्त पांढरे कपडे घालू लागला. लोकांना वाटलं वैराग्य आलं. कपडे काढून ठेवणारं माणूस उरलं नव्हतं, एवढीच ती गोष्ट होती. सुट्टीच्या दिवशी मी जायचो तर हा कोरडा ब्रश हातात धरून पुठ्ठ्यासमोर बसलेला. एकदा न राहवून म्हटलं, "दे, सातचा रंग मी करून देतो. पाण्याच्या काठाला आहे, हिरवाच असेल." तो ब्रशचे केस बोटानं नीट करत म्हणाला, "तू हिरवा टाक का लाल टाक, मले काही समजणार नाही, नारायण. म्हणूनच नको म्हणून राहिलो."

बी.ए. झालेल्या माणसापाशी शब्द असतात असं गावात समजतात...

सुमनच्या घरी जागा नाही, तेव्हा पुठ्ठा आता माझ्याकडे आहे. आमची ही म्हणते, एखाद्या चित्रकाराकडून भरून घ्या, बरं नाही दिसत. सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा मी तो खिडकीशी नेतो. सात पाण्याच्या काठाला आहे, झोपडीच्या दारात आहे, आभाळाच्या कडेला आहे, पाण्यात उतरलेल्या बाईच्या पदरावरही आहे. काठ म्हणावा तर हिरवा, पण आभाळाला हिरवा कसा चालेल? दार म्हणावं तर मातीचा, पण मग पदर? या चारही जागी एकच रंग तिनं कुठल्या वेळेला, कुठल्या उजेडात पाहिला होता, देव जाणे. माझे डोळे चांगले आहेत, मला सगळे रंग दिसतात. पांढऱ्या तुकड्यांतला वहिनीच्या हातचा बारीक, पेन्सिलीचा आकडाही स्पष्ट दिसतो. रंग कुठी आहे, ते विचारायला मात्र आता कोणी उरलेलं नाही.