मधली तुळई

माझ्या अक्षराला हसू नये. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले, आणि लग्नानंतर हातात पेन्सिल आली ती मुलीची पाटी पुसून देतानाच. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी चुकांची माफी आधीच मागून ठेवते. बापू गुरुजींबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

गुरुजी रोज सकाळी शाळेचं कुलूप काढत आणि मुलांना बाहेरच थांबवत. मग एकटे आत जाऊन काठीने एकेक लाकूड ठोकत फिरत. मधल्या तुळईखाली मान वर करून उभे राहत. समाधान झालं की दारात येऊन "चला" म्हणत. कुणी आधीच घुसायला लागलं तर काठी आडवी. "आत जाताना आधी मी, मग तुमी. भाईर निघताना आधी तुमी, शेवटाला मी." लहान मुलं घरी खेळताना हे म्हणून दाखवत आणि आम्ही हसायचो.

शाळा धाब्याची होती, म्हणजे लाकडावर पाला आणि पाल्यावर पांढरी माती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की घरटी एक पाटी माती शाळेवर टाकायची, अशी गावची रीत. नवी सून म्हणून मीही डोक्यावर पाटी घेऊन गेले होते. शाळा गळू नये म्हणून सगळे टाकत. जुनी माती मात्र कुणीच कधी उतरवली नाही. थर हातभर झाला. गुरुजी म्हणत, "तुमच्या मायेचंच वझं झालंय तिला."

दुष्काळाच्या साली नव्या शाळेला मंजुरी आली. जुनी पाडून त्याच जागेवर बांधायची होती. ती जागा आणि वरची मधली तुळई माझ्या सासऱ्यांच्या आज्यांनी दिलेली. सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, मी मामंजी. ते हो म्हणत नव्हते, आणि त्यांच्या शब्दाशिवाय पंचायत कुदळ लावत नव्हती. गुरुजींनी लिंबाखाली वर्ग भरवून पाहिला, तर तात्यांनीच नगरला तक्रार केली, की मास्तर पोरं उन्हात बसवतो. वरून हुकूम आला आणि मुलं पुन्हा आत गेली.

एका संध्याकाळी गुरुजी आमच्या ओसरीवर आले. मी आत चुलीपाशी होते.

"पाडली की गेली, गुरुजी. नवी शाळा कागदावरच ऱ्हाईल."

"तात्या, तुळईला वाळवी लागलीया. ठोकली की पोकळ वाजती."

"दोन सालं पाऊस न्हाई, धाबं कशानं पडंल? आन बाभळीच्या गाभ्याची तुळई हाय ती. माझ्या आज्याची."

"मंग उद्या एक दिस वर्गात बसा. मधल्या तुळईखाली. तुमची नात तितंच बसती."

"बसंन की! भेतो व्हय मी?"

माझी माळण तेव्हा दुसरीत होती. तिला उद्या घरी ठेवते, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मामंजींपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींची भाकरी घेऊन मी शाळेच्या दारात उभी राहिले. ते मुलांमध्ये मांडी घालून ताठ बसले होते. गुरुजी पाढे म्हणून घेत होते. वरून बारीक धार लागली आणि मामंजींच्या पागोट्यावर माती पडली. त्यांनी झटकली. पुन्हा पडली.

"आजा, तुमच्या डोक्यावं माती," माळण म्हणाली. मुलं हसली.

तेवढ्यात वर करकर वाजलं, भरल्या गाडीचा आस वाजतो तसं. हसू थांबलं.

गुरुजींनी आवाज चढवला नाही. "पाटी-दप्तर तितंच ठिवा. दाराजवळचे आधी. पळायचं न्हाई. तात्या, तुमीबी निघा."

"पोरं जाऊंद्या आधी."

मामंजी उठले आणि दोन्ही हात वर करून तुळईला लावून उभे राहिले, जणू ती त्यांच्या हातावरच होती. मुलं एकेक करून माझ्यासमोरून बाहेर पडत होती. माळण आली तशी मी तिला कवटाळली, भाकरीचं फडकं पायाशी पडलं. आत दोघेच उरले, तरी त्यांचं सुरूच.

"तात्या, शेवटाला मी. शाळा माझी हाय."

"तुळई माझी हाय!"

शेवटी गुरुजींनी मनगट धरून त्यांना ओढलं आणि दोघे एकदमच दारातून बाहेर आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, पुरं करा आता." ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्यापुढे मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

धाबं त्या दिवशी पडलं नाही. मामंजींनी स्वतः माणसं लावून ते उतरवलं. तुळई खाली घेताना मधोमध मोडली. आत लाकूड नव्हतं, वाळवीची माती होती. मामंजींनी ती मुठीत घेतली. "तुळई कवाच गेल्ती, गुरुजी. वर नुसतं आमचं नाव हुतं."

मग वर्षभर शाळा लिंबाखाली भरली. जाणारे-येणारे विचारत, "काय गुरुजी, शाळा कुटं गेली?" गुरुजी म्हणत, "झाडावर चढलीया. उतरंल." आतून त्यांनाही धास्ती होती. नवी शाळा झालीच नाही तर गाव आपल्याला काय म्हणेल, असं ते एकदा मामंजींजवळ बोलले. त्या दिवसापासून मामंजी बांधकामावर रोज हजर. गवंडी त्यांना कंटाळले.

शाळा उभी राहिली. पहिल्या दिवशी गुरुजी काठी घेऊन एकटे आत गेले तेव्हा मुलं ओरडली, "गुरुजी, सिमिटाचं हाय!" आतून आवाज आला, "असूंद्या. गप उभं ऱ्हावा."

पुढे त्यांची बदली अकोल्याकडे झाली. निरोपाच्या दिवशीही सगळ्यांना आधी बाहेर काढून ते शेवटी निघाले. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

नवे मास्तर आले. सकाळी त्यांनी कुलूप काढलं, तर मामंजी काठी आडवी धरून दारात उभे.

"आधी मी," ते म्हणाले.

"आजोबा, इमारत नवी आहे," मास्तर हसून म्हणाले.

मामंजी आत शिरता शिरता म्हणाले, "आमची तुळईबी कवातरी नवीच हुती, मास्तर."